पॅरिस इज बर्निंग

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व पारलिंगी समाजातील ‘बॉलरूम’ संस्कृतीवरचा अमेरिकी माहितीपट. दिग्दर्शन जेनी लिव्हिंगस्टन यांचे. चित्रीकरण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातले, प्रदर्शन १९९० मधले. १९९१ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले. बॉलरूम कलावंत पॅरिस डुप्री दरवर्षी भरवत त्या बॉलवरून हे नाव घेतले आहे.

बॉल म्हणजे पहाटेपर्यंत रंगणारी स्पर्धा. हार्लेममधल्या सभागृहात स्पर्धक एकेका प्रकारात चालून दाखवतात, परीक्षक गुण देतात आणि विजेता करंडक घेऊन जातो. यातला सर्वांत बोलका प्रकार ‘रिअलनेस’. सूट चढवून, हाती ब्रीफकेस घेऊन बड्या कंपनीचा साहेब असा वठवायचा की संशयाला जागा उरू नये. बाहेरच्या जगात ती खुर्ची या तरुणांच्या वाट्याला येणारच नव्हती. पण हे केवळ सोंग नव्हे. आरशासमोर शांतपणे रंगभूषा करता करता ज्येष्ठ कलावंत डोरियन कोरी सांगतात, की सभागृहातून भर उन्हात बाहेर पडून, भुयारी रेल्वेने, अंगावर ओरखडाही न उमटता जी घरी पोहोचते, तिचा रिअलनेस खरा.

स्पर्धक ‘हाउस’च्या, म्हणजे कुटुंबासारख्या गटाच्या नावाने उतरतात. सौंदर्यस्पर्धांतल्या वर्णभेदाला विटलेल्या क्रिस्टल लबेजा यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले हाउस उभारले. आईबापांनी घराबाहेर काढलेल्या मुलांना इथे ‘मदर’ मिळते. पेपर लबेजा आणि एंजी एक्स्ट्राव्हगान्झा या चित्रपटातल्या दोन ठसठशीत मदर. विली निंजा यांचे ‘व्होगिंग’ही इथे मनसोक्त पाहायला मिळते. फॅशन मासिकातल्या मॉडेलसारख्या पोझ घेत, प्रतिस्पर्ध्याला स्पर्शही न करता नाचातून हरवायचे, अशी ही झुंज. मॅडोनाच्या १९९०च्या गाण्याने ती जगभर पोहोचवली.

चित्रपटात मनाला चटका लावते ती एंजीच्याच हाउसमधली व्हीनस एक्स्ट्राव्हगान्झा. लग्न, घर, सुखवस्तू संसार अशी साधी स्वप्ने ती पलंगावर पहुडून सांगते. चित्रीकरण संपण्याआधीच, १९८८ मध्ये तिचा खून झाला. तेव्हा ती २३ वर्षांची होती. ही बातमी प्रेक्षकाला एंजीच्या तोंडून कळते.

चित्रपटावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. गोऱ्या दिग्दर्शिकेच्या नजरेवर कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी कठोर लिहिले. चित्रपटाने लाखो डॉलर कमावल्यावर त्यात दिसलेल्यांनी आपला वाटा मागितला. काहींनी वकील गाठले. अखेर सुमारे ५५,००० डॉलर १३ जणांत, पडद्यावरच्या वेळेच्या प्रमाणात वाटले गेले.