पॅनिक डिसऑर्डर आणि गांजा : वैद्यकीय मत

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे ठोस कारण नसताना पुन्हापुन्हा येणारे तीव्र भीतीचे झटके आणि पुढचा झटका कधी येईल या धास्तीने आक्रसलेले जगणे. यावर गांजा किंवा त्यातील घटक औषध म्हणून द्यावेत का, या प्रश्नावर मानसोपचारतज्ज्ञांचे प्रचलित मत नकाराचे आहे. गांजा हा कोणत्याही मानसिक विकारावरचा परिणामकारक उपचार असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, अशी भूमिका अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने घेतली आहे.

नकाराचे मुख्य कारण या विकाराच्या स्वरूपातच आहे. झटक्यात छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, ‘आता काही आपण वाचत नाही’ असे वाटते आणि काही मिनिटांत हे सारे टिपेला पोहोचते. अनेक रुग्ण आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातात. ईसीजी नॉर्मल येतो, तरी मन मानत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार शरीरातल्या साध्या बदलाचा ‘हे जिवावर बेतणार’ असा अर्थ लावला जातो, त्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि चक्र सुरू होते. गांजातील नशा आणणारा घटक टीएचसी नेमकी हीच धडधड वाढवतो. त्यात वेळेचे भान सुटणे आणि आपण आपल्यापासून तुटल्यासारखे वाटणे यांची भर पडते. निरोगी माणूस ‘जरा जास्त झाली’ म्हणून सोडून देतो. पॅनिकच्या रुग्णाला तो झटकाच वाटतो, आणि पुष्कळदा तो खरोखरच झटका ठरतो. आयुष्यातला पहिला झटका गांजा ओढल्यावर आला, असे सांगणारे रुग्णही डॉक्टरांना भेटतात.

गांजाने शांत वाटते, असे सांगणारे खोटे बोलतात असे मात्र नाही. टीएचसीचा परिणाम मात्रेनुसार उलटतो. शिकागो येथे निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 7.5 मिलिग्रॅम टीएचसीने ताणाच्या प्रसंगातील अस्वस्थता कमी झाली, तर 12.5 मिलिग्रॅमने मनःस्थिती आणखी बिघडली. दोन्हींत फरक केवळ पाच मिलिग्रॅमचा. चिलमीच्या एका झुरक्यात टीएचसी किती गेले हे ओढणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. भांग पोटातून जात असल्याने चढायलाच तास-दीड तास लागतो. तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो.

भीतीचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांत गांजाचे घटक ज्यांवर काम करतात ते सीबी-१ ग्राही (पेशींवरची संदेश टिपणारी ठिकाणे) असतात, हे खरे. लठ्ठपणावरचे रिमोनाबँट हे औषध हेच ग्राही अडवते; त्याने काही रुग्णांत चिंता आणि नैराश्य वाढल्याने युरोपात 2008 मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. म्हणजे या ग्राहींचा चिंतेशी संबंध दिसतो, म्हणून संशोधकांचा या वाटेवरचा रस टिकून आहे. मात्र ग्राहीशी संबंध सापडणे वेगळे आणि गांजा गुणकारी ठरणे वेगळे.

आशेचा भाग सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकापुरता आहे. ब्राझीलमधील संशोधक झुआर्दी यांनी 1982 मध्ये टीएचसीमुळे येणारी चिंता सीबीडीने कमी होते, असे निरोगी व्यक्तींत दाखवले. पुढे 2011 मध्ये त्याच देशात, चारचौघांत बोलण्या-वावरण्याची भीती म्हणजे समाजभय असलेल्या 24 रुग्णांच्या अभ्यासात सीबीडीच्या 600 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने भाषण करतानाची घबराट कमी झाली. दुकानातल्या सीबीडी तेलाच्या काही थेंबांत इतके सीबीडी सहसा नसते. शिवाय समाजभय आणि पॅनिक हे दोन निराळे विकार आहेत. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवणे ही जाहिरातींतली नेहमीची हातचलाखी. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मधील 2019 च्या आढाव्यात 83 अभ्यास तपासले गेले. टीएचसी असलेल्या औषधांनी चिंतेची लक्षणे किंचित कमी झाल्याचे दिसले, पण ते मुख्यतः दीर्घ वेदना किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या रुग्णांत, आणि पुरावाही कमकुवत प्रतीचा होता.

रोज ओढणाऱ्यांबाबत आणखी एक अडचण येते. गांजा बंद केल्यावर चिडचिड, निद्रानाश आणि चिंता उद्भवते. रुग्ण तिला मूळ आजार समजतो आणि पुन्हा ओढतो. झटक्याला तोंड देऊन तो आपोआप ओसरतो हे शिकणे हा वर्तन-बोधनोपचाराचा (विचार व वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा) गाभा असतो, आणि खिशातली पुडी ते शिकूच देत नाही. या उपचाराबरोबर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे प्रथम पसंतीची आहेत. सीबीडी यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) अडवते, त्यामुळे काही मनोविकारविरोधी औषधांची रक्तातील पातळी वाढू शकते. ही औषधे चालू असताना डॉक्टरांपासून लपवून सीबीडी घेणे धोक्याचे.

कायदा मात्र नेहमी पुराव्याची वाट पाहत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाने 2019 मध्ये चिंताविकारांचा वैद्यकीय गांजाच्या यादीत समावेश केला. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आहे. फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवायची पाने (म्हणजे भांग) व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. याच वाटेने ‘विजया’ (भांगेचे आयुर्वेदातील नाव) नावाची आयुर्वेदिक तेले व गोळ्या बाजारात येतात. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांग विषारी द्रव्यांत मोडते, आणि अशा औषधांच्या वेष्टनावर ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना छापावी लागते.