मांजरीच्या पिल्लाला कुत्र्याच्या पिल्लासारखं शिकवू नका

मांजरीचं पिल्लू घरात घाण करतं म्हटलं की गावात उत्तर तयार असतं. केलं तिथंच त्याचं तोंड घासा, एक चापट द्या आणि बाहेर सोडा, दोन दिवसांत सुधरते. हे सांगणाऱ्या माणसानं जन्मभर कुत्री सांभाळलेली असतात आणि मांजरही त्याच वळणानं शिकेल असं तो धरून चालतो. मग पिल्लू शिकत नाही, घरातल्यांचा संताप वाढतो, आणि एक दिवस ते पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडलं जातं. या एका गैरसमजापायी पिल्लांचे जीव जातात, म्हणून कुत्र्याची आणि मांजरीची रीत शेजारी ठेवून सांगतो.

कुत्र्याचं तुम्हाला ठाऊकच आहे, थोडक्यात सांगतो. ते लांडग्याच्या कुळातलं जनावर. झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ त्याच्यात असते, पण घर कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं हे त्याला माणसाकडून कळतं. म्हणून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला धुऱ्यावर न्यायचं, तिथं केलं की पाठ थोपटायची. महिन्यामागे साधारण एक तास असा त्याच्या लघवी धरण्याचा अंदाज, म्हणजे 3 महिन्यांचं पिल्लू दिवसा सुमारे 3 तास थांबू शकतं. वेळ पाळली की जमतं, कारण ते सतत तुमच्या तोंडाकडे बघत असतं. मारायची गरज तिथंही नसते.

काही बाबतींत दोघं सारखीच. पहिले सुमारे 3 आठवडे दोन्ही पिल्लांना आपण होऊन शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं दूध पाजल्यावर तिथं हलकेच पुसावं लागतं. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर लागते, हेही दोघांचं सारखंच.

आता खरा फरक. कुत्र्याच्या पिल्लाला जागा माणूस दाखवतो. मांजरीचं पिल्लू जागा पंजानं उकरून शोधतं. आपल्या घरातली मांजर पश्चिम आशियातल्या रानमांजरीच्या वंशातली, माणसाच्या धान्याजवळ ती सुमारे 10,000 वर्षांपूर्वी आली. मोकळी माती उकरायची, तिच्यात करायचं आणि वरून झाकायचं, हे तिच्या अंगातच आहे. साधारण 4 आठवड्यांचं झालं की पिल्लू भुसभुशीत दिसेल ते उकरायला लागतं. बाटलीनं वाढवलेलं, आई कधी न पाहिलेलं पिल्लूसुद्धा उकरतं. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि तुम्हालाही शिकवायचं नाही. तुम्ही फक्त त्याच्या पंज्याला पटेल अशी माती किंवा रेती टबात भरून योग्य जागी ठेवायची.

हे ध्यानात घेऊन आपल्या घराकडे पिल्लाच्या नजरेनं बघा. फरशी आणि कोबा उकरता येत नाही. मग उकरता येण्याजोगं उरतं काय? दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत खोलीत साठवलेला कापूस. कुटाराची खोली. घडी करून ठेवलेली गोधडी. विझलेली चूल. तुळशीची कुंडी. घरकुलासाठी आणून टाकलेला रेतीचा ढीग. पिल्लू नेमकं इथंच जातं. तुमच्या लेखी त्यानं कापूस नासवला. त्याच्या लेखी त्यानं चांगली मऊ, आडोशाची जागा शोधली आणि झाकूनही ठेवलं, म्हणजे जे करायचं तेच नीट केलं.

अशा वेळी त्याला चापट मारली तर ते काय शिकेल? कापसात करू नये हे तर नाहीच. हा माणूस जवळ असताना करू नये, एवढंच शिकेल. मग ते कोठीमागं जाईल, पलंगाखाली जाईल, आणि वास येईपर्यंत तुम्हाला पत्ता लागणार नाही. त्याहून वाईट म्हणजे ओरडत, मानेला धरून त्याला उचलून टबात आणून आपटणं. टब ही मार खायची जागा, अशी गाठ पिल्लाच्या मनात बसते आणि ज्या टबाची सवय लावायची त्याच्याजवळ ते फिरकत नाही. शहाण्यासुरत्या माणसांच्याही घरी पिल्लू बिघडतं ते इथंच. कुत्र्याच्या बाबतीत 'यानं ऐकलं का नाही?' हा प्रश्न थोडाफार चालतो. मांजरीच्या बाबतीत प्रश्न एकच: टबात काय खटकतंय?

दोन प्रकार मला अजिबात बघवत नाहीत. पिल्लाचा पुढचा पंजा हातात धरून रेती उकरून दाखवायची, हा एक. पिल्लाला धरून ठेवलेलं आवडत नाही, ते घाबरून उडी मारतं. आणि पिल्लू बसलेलं असताना कुत्र्यासारखं 'शाब्बास' म्हणत पाठ थोपटायची, हा दुसरा. त्या क्षणी त्याला एकांत हवा असतो. खाल्ल्यावर, उठल्यावर हळूच टबात ठेवा आणि बाजूला व्हा. निघून गेलं तर जाऊ द्या, थोड्या वेळानं परत ठेवा.

टबासाठी महागडं काही लागत नाही. प्लास्टिकचा जुना पसरट टब घ्या, एका बाजूनं दोन-अडीच इंच उंची राहील असा कापा, कड घासून बोथट करा. लोखंडी घमेलं मला पसंत नाही. बूड गोल असल्यामुळं पिल्लू आत शिरलं की ते डगमगतं, आणि एकदा दचकलेलं पिल्लू पुन्हा लवकर येत नाही. आत बारीक चाळलेली, उन्हात वाळवलेली नदीची रेती दोन इंच टाका. टब निवांत कोपऱ्यात हवा, खाण्यापिण्याच्या वाटीपासून दूर, आणि घरचं कुत्रं जिथं पोचणार नाही अशा ठिकाणी. कुत्री मांजरीची विष्ठा खातात, टबाशी घुटमळतात, आणि कुत्रं वाट अडवून बसलं तर पिल्लू दुसरीकडे जाणारच. कापसाच्या खोलीत जायची सवय आधीच लागली असेल तर दार लावा, ढिगावर ताडपत्री टाका आणि टब त्या दाराशीच ठेवा. नंतर रोज थोडा थोडा सरकवा.

चुलीची राख टाकू नका. ती फुकट असते आणि वास दाबते म्हणून सगळे टाकतात. पण लाकडाची राख क्षारयुक्त, ओली झाली की झोंबते. पिल्लू पंजे चाटतं, म्हणजे ती तोंडातही जाते. वावरातली काळी मातीही टबात नको. शू पडली की तिचा चिखल होतो आणि पंज्याला गोळे चिकटतात. शहरात मांजरीच्या टबासाठी 'लिटर' म्हणून तयार माती विकत मिळते. ओलं झालं की गोळा होणाऱ्या लिटरमध्ये बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, आणि तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते तीही याच खनिजामुळं. लहान पिल्लं तोंडात येईल ते खाऊन बघतात, म्हणून 2 महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते गोळा होणारं लिटर देऊ नका.

आपल्या काळ्या मातीमुळं पावसाळ्यात आणखी एक तक्रार ऐकू येते: बाहेर जाणारी मांजर आषाढात अचानक घरात करायला लागली. तिची सवय मोडलेली नसते. आठ-आठ दिवस झड लागली की बाहेर उकरण्याजोगी कोरडी माती राहत नाही, एवढंच. ओसरीत रेतीचा टब ठेवा, प्रश्न मिटतो.

साफसफाईत कुत्र्याची रीत थेट घातक ठरू शकते. कुत्र्यानं घाण केली की आपण फिनाइल ओततो. मांजरीचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही. फिनाइलच्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ती आजारी पडू शकते. गरम पाणी आणि साधा साबण पुरतो. मातीची जमीन असेल तर शू मुरलेला थर खरवडून काढा, नवी माती भरा आणि सारवा. जुना वास राहिला तर पिल्लू तिथंच परत येतं.

टबातली घाण रोज काढा. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो, पण तो लागण करण्याजोगा व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. हे काम घरातल्या गरोदर बाईला सांगू नका. काढलेली रेती भाजीच्या वाफ्यात टाकू नका, लांब खड्डा करून पुरा.

सगळं नीट असूनही पिल्लू वारंवार टबात बसतं, कण्हतं, थेंबभरच शू होते किंवा रक्त दिसतं, तर तो सवयीचा प्रश्न उरत नाही. लघवी तुंबलेली असू शकते, आणि बोक्यांमध्ये हे जिवावर बेततं. त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नागपूर जवळ असेल तर तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. शेवटची शू कधी झाली हे डॉक्टरांना आधी सांगा.