रोप निवडण्याआधी वाफा ठरवा

"कमी पाण्यात येणारी, पण दिसायला छान अशी झाडं द्या." आमच्या रोपवाटिकेत सगळ्यात जास्त मागणी हीच. अशी झाडं भरपूर आहेत. पण दोन महिन्यांनी तीच मंडळी बुंध्यात मऊ पडलेलं ॲडेनियम (जाड बुंध्यात पाणी साठवणारं फुलझाड) घेऊन परत येतात. "काटक म्हणून दिलं होतंत ना?"

काटकच होतं. ते पाण्यानं मेलं.

चौकशी केली की बहुतेक वेळा एकच उलगडा होतो. वाफा एक, ठिबकची नळी एक आणि त्यावर कर्दळ न् ॲडेनियम शेजारी-शेजारी. कर्दळीला पुरेल एवढं पाणी सोडलं की ॲडेनियमची मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही झाड मलूल दिसतं. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आणखी एक तांब्या! पाणी घालण्याआधी दोन इंच खोल बोट घालून बघा. ओल लागली तर हात आवरा.

म्हणूनच रोप दाखवण्याआधी आम्ही विचारतो: ऊन किती तास, निचरा कसा, नळ कुठे? काहींना ही उलटतपासणी वाटते. पण पाण्याच्या गरजेनुसार झाडांचे गट करणं ही आमची लहर नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेनं कमी पाण्यात बाग जोपासण्याच्या पद्धतीसाठी 'झेरिस्केप' हा शब्द रूढ केला, त्या पद्धतीतही हा नियम आहेच.

भर उन्हाच्या, निचऱ्याच्या वाफ्यात बोगनवेल, चाफा, ॲडेनियम, अगेव्ह (घायपात) लावा. बोगनवेल तर पाण्याचा थोडा ताण बसला की जास्त रंगात येते. लाड केले तर नुसती पानं. कण्हेरही छान, पण ती विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर आधी सांगा, दुसरं काही देऊ. फुलांवरच अडून राहू नका. राखाडी, लवदार पानं ऊन परतवतात आणि हिरव्या गर्दीत उठूनही दिसतात. कर्दळ, फर्न हवेच असतील तर दाराजवळ एक छोटा वेगळा वाफा करा, त्याची नळीही वेगळी ठेवा. लॉन आम्हीही विकतो, पण बसण्या-खेळण्यापुरतीच घ्या.

आणखी एक. काटक झाडालाही पहिलं वर्ष पाणी लागतं, मुळं खोल जाईपर्यंत. रोज शिंपडण्यापेक्षा माती वाळू द्या, मग खोलवर भिजवा. वर पाच ते सात सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, मात्र खोडाला चिकटू देऊ नका.

येताना वाफ्यांचा कच्चा नकाशा आणा. वहीच्या पानावर काढलेलाही चालेल. कुठल्या नळीवर कुठली रोपं ते आम्ही त्यावरच लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. रोपांचे मात्र आहेत.