किन्नौर–स्पिती मार्ग

हिमाचल प्रदेशात सिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमध्ये आणि खाबच्या संगमापासून स्पिती नदीच्या काठाने काझा या स्पितीच्या मुख्य गावापर्यंत जाणारा डोंगरी रस्ता. लांबी सुमारे ४२० किमी. खाबपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग ५, पुढे ५०५. त्याचे मूळ जुन्या हिंदुस्तान–तिबेट सडकेत आहे. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना १८५० मध्ये तिचे काम सुरू झाले. लोकर, पश्मिना आणि मीठ यांचा तिबेटशी चालणारा व्यापार या डोंगरांत त्याही आधीपासून होता. १९६२ च्या युद्धाने तो मोडला. त्या व्यापारातून वाढलेला रामपूरचा लवी मेळा मात्र अजून दर नोव्हेंबरात भरतो.

स्पितीला जायला मनालीकडूनही रस्ता आहे आणि तो निम्म्याहून कमी अंतराचा आहे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने किन्नौरकडूनच चढावे. मनालीहून निघालेला माणूस एकाच दिवसात ४,५५१ मी. उंचीची कुंझुम खिंड ओलांडून काझाला (३,६५० मी.) उतरतो. कळसूबाई १,६४६ मी. आहे, म्हणजे काझाचा बाजारच तिच्या दुपटीहून उंच. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्याचेही डोके अशा चढाईत ठणकू लागते, मळमळते, रात्री झोप लागत नाही. किन्नौरकडून येताना कल्पा (२,९६० मी.), नाको (३,६६० मी.) आणि ताबो (३,२८० मी.) असे मुक्काम करता येतात आणि शरीराला विरळ हवेची सवय होत जाते. त्रास वाढला तर मात्र खाली उतरण्याला पर्याय नाही. भारतीयांना या मार्गासाठी परवाना लागत नाही; परदेशी नागरिकांना सीमेलगतच्या पट्ट्यासाठी लागतो.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. या बाजूने गेले तरच एक संस्कृती दुसरीत कशी मिसळत जाते ते दिसते. खालच्या किन्नौरमध्ये पाऊस पडतो, म्हणून घरांना उतरती छपरे आणि भिंतींत दगड व देवदाराच्या तुळया यांचे एकाआड एक थर. या बांधणीला काठकुणी म्हणतात. गावाचा कारभार ग्रामदेवतेच्या कौलाने चालतो. देवता पालखीतून हलते, रागावते, रुसते आणि पालखी कशी झुकते यावरून तिचे म्हणणे कळते. पुरुष आणि बायका दोघांच्याही डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी असते. शेतात सफरचंद, राजमा आणि ओगला (कुट्टू), उतारावर चिलगोज्याची झाडे. पूह गाव ओलांडले की झाडी संपते. पाऊस डोंगरांपलीकडेच अडतो, त्यामुळे छपरे सपाट मातीची होतात आणि त्यांवर सरपणाच्या मोळ्या रचलेल्या दिसतात. पीक जव आणि काळ्या वाटाण्याचे. किन्नौरी बोली मागे पडून तिबेटी वळणाची बोली कानावर येते आणि ‘नमस्ते’च्या जागी ‘जुले’ येते. पण ही सीमा एका रेषेने आखता येत नाही. मधल्या कितीतरी गावांत देवतेचे मंदिर आणि बौद्ध गोम्पा (मठ) शेजारीशेजारी आहेत आणि एकाच घरात बारशाला एक, मर्तिकाला दुसरा असे दोन्हींकडचे लोक बोलावले जातात.

ताबोचा गोम्पा इ.स. ९९६ चा. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ आणि बौद्ध ग्रंथांचे महान अनुवादक रिंचेन झांगपो यांच्या काळातला. बाहेरून तो मातीचा बसका ढिगारा वाटतो. आत छपरातल्या लहान झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो आणि मग भिंतींतून पुढे आलेल्या बोधिसत्त्वांच्या मृण्मय मूर्ती एकेक करून अंधारातून वर येतात. मूर्तींखाली भिंतींवर सर्वत्र चित्रे. त्यांत काश्मिरी कलाकारांचा हात ओळखू येतो. ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. पण ताबोची चित्रे अजिंठ्याच्या मुख्य चित्रांहून सुमारे पाच शतकांनी अलीकडची आहेत. शिवाय अजिंठा शतकानुशतके विस्मरणात गेला होता; ताबोत हजार वर्षांनंतरही पूजा चालू आहे. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपात या वास्तूला तडे गेले. त्यानंतर शेजारी नवा गोम्पा उभा राहिला आणि तिथे १९८३ व १९९६ मध्ये दलाई लामांनी कालचक्र या तांत्रिक बौद्ध साधनेची दीक्षा दिली.

रस्ता कड्यातून कोरून काढलेला आहे. तरांडा ढांक या कड्याजवळ तर डोक्यावर खडकाचे छत आणि खाली खोल दरीत सतलज. तिथल्या तरांडा देवीच्या देवळाशी बस, ट्रक थांबतात आणि नमस्कार करूनच पुढे जातात. ही भीती खोटी नाही. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी येथे दरड कोसळून बस आणि इतर गाड्या दबल्या. २८ माणसे गेली. पावसाळ्यात, म्हणून, किन्नौरचा टप्पा टाळावा, आणि दगड पडत असतील तिथे स्थानिक चालक थांबला तर त्याला घाई करू नये. सतलजवर नाथपा–झाकडी (१,५०० मेगावॅट) आणि करछम–वांगतू (मूळ क्षमता १,००० मेगावॅट) असे मोठे जलविद्युत प्रकल्प आहेत. बोगद्यांसाठीच्या सुरुंगांनी डोंगर खिळखिळे झाले आणि झरे आटले, असे गावकरी सांगतात. किन्नौरच्या तरुणांनी नव्या प्रकल्पांविरुद्ध ‘नो मीन्स नो’ ही चळवळ उभारली. प्रवाशाने या गावांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, कारण ज्या उतारावरून आपली गाडी जाते त्याच उतारावर त्यांची घरे आहेत.

काझाच्या पुढे लोसरवरून रस्ता कुंझुमला चढतो. हा भाग हिवाळ्यात बर्फाने बंद होतो आणि साधारण जून ते ऑक्टोबर खुला असतो. तेवढे महिने सोडले तर स्पितीला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट किन्नौरचीच. खिंडीत देवीचे ठाणे, स्तूप आणि वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका. चालक गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. देवीच्या शिळेवर नाणे दाबतात. ते चिकटून राहिले तर मन स्वच्छ, अशी समजूत आहे. मग गाड्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरू लागतात.