मेंदूची सूज वेगळी, मेंदूतला दाह वेगळा

घरातल्या कुणाला अल्झायमर असल्याचं कळलं की नातेवाइकांपैकी एकजण तरी सांगतोच, "मेंदूला सूज असते म्हणे, ती उतरवा." मग हळदीचं दूध सुरू होतं, आणि पाठोपाठ सूज उतरवायच्या गोळ्या.

हे सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो मेंदूज्वर. तो सगळ्यांना माहीत आहे: कडक ताप, झटके, बेशुद्धी, सगळं तासा-दिवसांत. १९६५ साली ज्या विषाणूला नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालं, तो याच जातीचा. वाळूमाशीमार्फत येऊन लहान मुलांना गाठणारा. यात मेंदूत खरंच पाणी साठतं आणि कवटीतला दाब वाढतो. त्याला खुशाल सूज म्हणा.

अल्झायमरमध्ये मात्र मेंदू फुगत नाही, आक्रसतो. एमआरआयमध्ये आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस बारीक झालेला दिसतो. मग डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात ते कशाला? दाहाला. त्या शब्दाचं डोळे मिटून 'सूज' करणाऱ्यांनीच हा घोळ घातलाय.

दाह करतात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी. स्पेनच्या पीओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ साली त्या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या कचरा उचलतात, चेतापेशींमधले नको असलेले जोड छाटतात. अल्झायमरमध्ये त्या मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांना वेढा घालतात, गिळू पाहतात. हे वर्षानुवर्षं चाललं की त्यांनी सोडलेली रसायनं शेजारच्या धडधाकट पेशींनाही भोवतात. ताप नाही, दुखणं नाही, बाहेरून काही कळत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही अशा चवताळलेल्या पेशी १९८८ मध्ये दाखवल्या गेल्या.

मग राखणदाराला झोपवलं की झालं? इथेच लोक फसतात. ट्रेम-२ हे जनुक मायक्रोग्लियाला कामाला लावतं. त्याचं काम कमजोर करणारा एक बदल अल्झायमरचा धोका वाढवतो, हे २०१२ च्या अखेरीस समोर आलं. राखणदार पिसाळला तरी पंचाईत, ढिला पडला तरी पंचाईत.

गोळ्यांचा प्रयोगही होऊन गेलाय. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं दाह उतरवणारी वेदनाशामकं घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसायचा, म्हणून अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या अडीच हजारांवर लोकांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबची चाचणी झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या. अल्झायमर काही टळला नाही. तेव्हा आजोबांना रोज वेदनाशामक देऊ नका, मूत्रपिंडं आणि जठर आधी जातील. हळदीचं दूध चवीला द्या.

गंमत म्हणजे अल्झायमरमध्ये खरी सूज दिसते ती उपचारामुळे. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या काहींच्या मेंदूत पाणी साठतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय करतात.