ऑनलाइन रमीच्या स्पर्धा: खेळणाऱ्यांचं गाऱ्हाणं कुठून सुरू झालं

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे तेव्हा दोनच आवाज मोठ्याने ऐकू आले. पोरं व्यसनातून सुटतील म्हणणारे एकीकडे आणि धंदा बुडाला म्हणणारे दुसरीकडे. ज्यांनी रमीच्या ॲपवर वर्षानुवर्षं स्पर्धा खेळल्या, त्यांचं म्हणणं यात कुठेच आलं नाही. स्पर्धा भरवणारा आपला वाटा किती काढतो, डाव मध्येच तुटला तर निकाल कोण ठरवतं आणि फसवल्यासारखं वाटलं तर दाद कुठे मागायची, हे त्यांचे प्रश्न बंदीच्या बरेच आधीचे आहेत.

खानदेशात पत्त्यांना मुळातच एक मोसम आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचं) साल संपतं, हिशेब होतो, हातात पैसा येतो आणि पेरणीला अवकाश असल्याने शेतात फारसं काम नसतं. लेकी माहेरी येऊन झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात आणि पुरुष ओट्यावर, पारावर पत्ते कुटत बसतात. ज्याच्या जागेत डाव बसला तो नाल, म्हणजे डावातला आपला वाटा, काढायचा, पण डावागणिक आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पिसणारा समोर असे, शंका आली की पानं काटायला मागता येत. पोलिसांच्या धाडीही जुन्याच. 1887 चा जुगारबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि झन्ना-मन्ना या पत्त्यांच्या जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडल्याची बातमी जळगावच्या वाचकाला नवी नाही. या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पुढचा सगळा गुंता या सवलतीभोवतीच झाला.

रमीला ती सूट मिळते का, याचं उत्तर ज्या निकालात शोधलं जातं तो सर्वोच्च न्यायालयाचा, 1968 चा म्हणून ओळखला जाणारा निकाल. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती. न्यायालयाने म्हटलं की तीन पानी हा निव्वळ नशिबाचा खेळ, रमीचं तसं नाही. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं यात कसब लागतं, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पुढे चाळीसेक वर्षांनी ॲपवाल्यांनी आपली सगळी इमारत या एका वाक्यावर उभी केली. 2021-22 मध्ये तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटकातल्या बंद्या उच्च न्यायालयांत टिकल्या नाहीत, त्यामागेही हाच आधार होता.

पण त्याच निकालात लगेच पुढे दुसरी गोष्ट लिहिलेली आहे. घराचा किंवा क्लबचा मालक रमीच्या डावातून नफा काढतो असं दिसलं, तर गुन्हा होऊ शकतो. सिकंदराबादचा क्लब सुटला तो पत्त्यांचे आणि बसण्याच्या सोयीचे जे थोडे पैसे घेत होता ते अवाजवी नव्हते म्हणून. म्हणजे न्यायालयाने खेळ आणि नाल या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या होत्या. नंतरच्या वादांत मात्र खेळाचीच चर्चा होत राहिली, कौशल्य की नशीब, कौशल्य की नशीब. नालेचं काय, किती घेतली म्हणजे ती अवाजवी, ती खेळणाऱ्याला आधी सांगायची की नाही, याची तड कुणी लावली नाही. माझ्या मते खेळणाऱ्यांच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या सोडून दिलेल्या अर्ध्या भागात आहे. कंपन्यांनी या नालेला 'सर्व्हिस चार्ज' हे नाव दिलं आणि बहुतेक टेबलांवर ती दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात राहिली.

ॲपवरची रमी 2006 च्या पुढे आली, पण खेड्यापाड्यांत पोचली ती 2016 नंतर, जेव्हा डेटा स्वस्त झाला आणि यूपीआयने पैसे टाकणं एका बोटाचं काम झालं. 2020 च्या टाळेबंदीत गावोगावचे पार ओस पडले आणि डाव मोबाइलवर गेले. साध्या टेबलापेक्षा स्पर्धेची ओढ वेगळी होती. थोडी प्रवेश फी, शेकडो खेळाडू, टेबलागणिक एक-दोघेच पुढे जाणार आणि शेवटी मोठं बक्षीस.

समजा फी 100 रुपये आणि बक्षिसांची एकूण रक्कम 50,000 ठरलेली. 600 जण आले तर 60,000 गोळा झाले, भरवणाऱ्याचे 10,000. 900 आले तर गोळा झाले 90,000, बक्षीस तेवढंच. आणि 300 च आले तर? मग 'किमान खेळाडू नाहीत' म्हणून स्पर्धा रद्द. सगळ्याच स्पर्धा अशा नव्हत्या, काहींत गर्दीबरोबर बक्षीसही वाढे. पण ठरावीक बक्षिसाच्या स्पर्धेत नुकसान कधी भरवणाऱ्याकडे जातच नसे, आणि हे गणित खेळणाऱ्यांनी लवकर ओळखलं होतं.

त्याहून जास्त चीड नेटवर्कची. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रात्री पंपाची लाइट येण्याची वाट बघत बसलेला माणूस फायनल टेबलावर आहे असं समजा. हातात शुद्ध सिक्वेन्स (जोकरशिवाय एकाच रंगाची ओळीने लागलेली पानं) लागलेला, दुसऱ्या सिक्वेन्सला एक पान हवं. रेंज जाते. आता ॲप त्याच्या वतीने खेळतं, म्हणजे उचललेलं पान तसंच टाकत राहतं. तेच पान त्याला हवं होतं की नाही, याच्याशी ॲपला देणंघेणं नाही. समोरचा शो करतो, म्हणजे पानं मांडून डाव जिंकतो. पहिल्याच पाळीत ड्रॉप घेतला, म्हणजे डाव सोडला असता तर 20 गुण लागले असते, मधेच घेतला असता तर 40. आता शुद्ध सिक्वेन्स सोडून बाकी हाताचे गुण लागतात, कमाल 80 पर्यंत. एका डावात स्पर्धा संपते. ग्राहक सेवेकडून ठरलेलं उत्तर येतं की नेटवर्क ही खेळाडूची जबाबदारी. पारावर कुणी पाणी प्यायला उठला तर बाकीचे पानं पालथी ठेवून थांबत. समोर माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्राम, ही शंका तर कायमचीच. पानं निष्पक्ष पिसली जातात असं प्रमाणपत्र ॲपवर झळके, पण तपासणाऱ्याचे पैसे कंपनीच देई.

2023 हे वर्ष निर्णायक ठरलं. 1 एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर), तोही कोणत्याही किमान मर्यादेशिवाय. त्याच महिन्यात केंद्राने नियम केले की खेळांची पडताळणी आणि तक्रारनिवारण स्वनियमन संस्था करतील. अशी एकही संस्था कधी मान्य झाली नाही. दाद मागायची जागा कागदावरच राहिली, आणि बंदी येण्याआधी ती निर्माण करण्याची सरकारला दोन वर्षांहून जास्त संधी होती हे नोंदवायलाच हवं. 1 ऑक्टोबरपासून जीएसटी बदलला. आधी तो कंपनीच्या कमिशनवर 18 टक्के होता, आता खेळाडूने टाकलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के झाला. 100 रुपये टाकले की जवळपास 22 रुपये करात. बऱ्याच कंपन्यांनी तो फरक बोनस देऊन भरला, पण बोनस खेळता येतो, बँकेत काढता येत नाही. चांगला खेळणाराही हळूहळू तोट्यात गेला तो इथे.

जुलै 2025 मध्ये विधिमंडळात एका मंत्र्याच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत फिरली. मंत्र्यांनी खेळत असल्याचा इन्कार केला, पण रमी घराघरात चर्चेला आली. 20 आणि 21 ऑगस्टला संसदेत पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक मंजूर झालं, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा भेदच कायद्याने बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी पैशांची टेबलं लगेच बंद केली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. त्यांतला एक मुख्य मुद्दा कंपन्यांच्या धंद्याच्या हक्काचा होता. वॉलेटमधली शिल्लक काढून घेण्याची सोय झाली, बोनस आणि स्पर्धांची तिकिटं मात्र पैशात बदलण्यासारखी नव्हतीच. आता टेलिग्रामवरून परदेशी ॲपच्या लिंक फिरतात. तिथे नाल किती ते लिहिलेलं नसतं आणि ग्राहक सेवेचा तो ठरलेला मेसेजही येत नाही.