पीएलसीद्वारे मोटर चालू-बंद करण्याची जोडणी

प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, अर्थात पीएलसी, वापरून तीन फेजची मोटर सुरू व बंद करण्यासाठी पुश बटणे, कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोटरचा पुरवठा जोडणारा विद्युतचुंबकी स्विच), ओव्हरलोड रिले (मोटर जास्त प्रवाह घेऊ लागल्यास तिला थांबवणारे साधन) आणि नियंत्रक यांची परस्परांशी केलेली तारजोडणी. कोकणात लोटे-परशुराम, महाड, रोहा येथील रासायनिक कारखान्यांपासून बंदरांजवळच्या बर्फाच्या कारखान्यांपर्यंत आणि आंब्याच्या हंगामी प्रक्रिया केंद्रांपर्यंत मोटर चालवण्याचे काम सर्वत्र असल्याने ही जोडणी तेथील वायरमनच्या रोजच्या कामाचा भाग होऊ शकते.

पीएलसीचा उगम अमेरिकेतील मोटार उद्योगात आहे. रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लहान स्विचांनी, भरलेली पॅनल दर नव्या मॉडेलगणिक पुन्हा वायर करावी लागत असल्यामुळे जनरल मोटर्सच्या एका विभागाने १९६८ मध्ये त्यांना पर्याय मागितला आणि त्यातून डिक मोर्ली व सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला. रिलेच्या आकृत्या वाचण्याची सवय असलेल्या इलेक्ट्रिशियनना तो परका वाटू नये म्हणून प्रोग्रॅमही शिडीसारख्या आकृतीतच, म्हणजे लॅडरमध्ये, लिहिण्याची प्रथा पडली.

मोटरचा प्रवाह पीएलसीतून जात नाही. ४१५ व्होल्टचा पुरवठा ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले या क्रमाने मोटरपर्यंत पोहोचतो. पीएलसी केवळ कॉन्टॅक्टरच्या कॉइलला, म्हणजे ए१ व ए२ या टोकांना, वीज द्यावी की नाही हे ठरवतो. बर्फाच्या कारखान्यात मिठाचे पाणी ढवळणारी ५ अश्वशक्तीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते आणि पीएलसीच्या रिले आउटपुटची क्षमता बहुधा २ अँपिअरच्या आसपास असते. कॉइल ओढताना काही पट जास्त प्रवाह घेत असल्याने आउटपुट व कॉइल यांच्यामध्ये एक लहान रिले घालणे श्रेयस्कर. कॉइल डीसी असेल तर तिच्यावर उलट्या दिशेने डायोड आणि एसी असेल तर आरसी स्नबर (रेझिस्टर व कपॅसिटर यांची जोडी) बसवतात, म्हणजे कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका आउटपुटवर येत नाही. हा खर्च वाचवणाऱ्याचे आउटपुट लवकर जळते.

इनपुटच्या बाजूला स्टार्ट बटण एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच जोडणारे), तर स्टॉप बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, दाबल्यावर तुटणारे) घेतात. स्टॉपची तार तुटली, तिचा लग, म्हणजे टोकाला बसवलेला धातूचा जोड, गंजला किंवा उंदराने ती कुरतडली, तरी इनपुट जाऊन मोटर थांबावी हा त्यामागील हेतू आहे. नवख्याची गफलत नेमकी येथेच होते. बटण एनसी असल्यामुळे न दाबलेल्या स्थितीत इनपुट चालू असतो, म्हणून लॅडरमध्ये त्याचा संपर्क साधा, एनओसारखा काढावा लागतो. बटण एनसी म्हणून चिन्हही एनसी काढले तर स्टार्ट कितीही दाबले तरी मोटर हलत नाही.

ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी संपर्क आणि आपत्कालीन थांब्याचे बटण मात्र केवळ इनपुटला जोडून भागत नाही. हे दोन्ही कॉइलच्या तारेतच एकापुढे एक असावेत, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तरी कॉइलची वीज तुटते. ओव्हरलोडचा ९७-९८ हा एनओ संपर्क दोषसूचनेसाठी इनपुटला देता येतो.

स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू राहावी यासाठी लागणारा होल्ड, म्हणजे सील-इन, प्रोग्रॅममध्ये आउटपुटच्याच संपर्काने घेण्याची सवय सोपी आहे, पण विशेषतः पावसाळ्यात ती महागात पडू शकते. क्षणभर व्होल्टेज खाली गेले तर कॉन्टॅक्टर सुटतो. यूपीएसवर असलेला पीएलसी मात्र जागाच राहतो, त्याचा आउटपुट चालूच असतो आणि वीज सावरताच मोटर कुणी बटण न दाबता फिरू लागते. पट्टा तपासायला वाकलेल्या माणसासाठी हे घातक आहे. म्हणून होल्ड कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या सहायक संपर्कावरून, इनपुटमार्गे, घ्यावा: कॉन्टॅक्टर सुटला की होल्डही सुटतो, आणि आपत्कालीन बटण पुन्हा वर ओढल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. आउटपुट बंद असूनही हा इनपुट चालूच राहिला, तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले आहेत असे समजून ब्रेकर पाडावा. अशा वेळी कॉइल तोडून काही उपयोग होत नाही.

खाऱ्या हवेत तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवा थर चढतो, त्यामुळे टिन चढवलेले लग व फेरूल (तारेच्या टोकावरच्या लहान नळ्या) वापरतात. केबल पॅनलमध्ये खालून, ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून, घेतात आणि आत दव धरू नये म्हणून लहान हीटर ठेवतात. ग्लँडची रिकामी भोकेही बुजवावी लागतात, कारण पाल आत शिरून दोन फेजमध्ये चिकटली की पालीबरोबर कॉन्टॅक्टरही जातो.